घोडी म्हणून नेलेला घोडा

"घोडी बोली थी मैंने! घोडी! ये क्या उठा के लाए हो?"

नवरदेवाचा चाचा झुलीखाली वाकून ओरडत होता. आवाज असा, की उल्हासनगरच्या त्या गल्लीतला बँड आपोआप बंद पडला. आधी क्लॅरिनेट, मग ढोल, आणि ज्याला थांबायला सांगायचं सगळे विसरले तो खुळखुळेवाला सर्वांत शेवटी. चाचाने जरीची झूल दोन बोटांत वर धरली होती आणि तिच्याखाली जे होतं ते सगळ्या वऱ्हाडाला दिसत होतं. बायका पदराआड हसत होत्या, पुरुष उघड हसत होते. ज्याच्या अब्रूचा हा पंचनामा चालला होता तो घोडा मात्र मान लांब करून दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण खात होता.

"इस लडकी ने बोला था," नवरदेवाचे वडील माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. माझ्या वडिलांच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे आणि आम्ही त्यांना सिंधी काका म्हणायचो. "खुद बोली, अंकल, हमारी घोडी है, दूध जैसी सफेद."

दुधासारखी पांढरी, हेही जरा जास्तच झालं होतं. घोडा त्या संध्याकाळी निळा होता.

आईने मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याची खूण मी अजून दाखवू शकते. "बोल ना आता. का बसली दातखीळ?"

मी बारा वर्षांची होते. दातखीळ मला तेव्हाही बसली नाही आणि नंतर कधीही बसलेली नाही. त्या दिवशी बसली असती तर या गोष्टीत सांगण्यासारखं काही उरलं नसतं, आणि ते फार बरं झालं असतं.

पण आधी घोडा, मग त्याचा निळेपणा.

अंबरनाथला आमच्या कॉलनीतल्या सात पोरांना शाळेत पोचवायला एक टांगा होता. टांगेवाले मामा मोरिवलीला राहायचे, एका कारखान्याच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. अर्ध्या शेडमध्ये मामा, अर्ध्यात घोडा. आणि घोड्याच्या बाजूला वारा जास्त यायचा म्हणून उन्हाळ्यात मामाही तिकडेच झोपायचे. पहिलीच्या पहिल्या दिवशी आईने मला टांग्यापाशी उभं केलं, तेव्हा तो घोडा वळला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझ्या कोऱ्या गणवेशावर शिंकला. साधं शिंकणं नव्हे. माझी एक वेणी सुटली. बाकीची पोरं ईऽ करून मागे पळाली आणि मी जागच्या जागी प्रेमात पडले. पुढे माझं रीतसर लग्न झालं, संसार झाला, पण प्रेम म्हणजे काय हे इतक्या ओलसर स्पष्टपणे मला पुन्हा कुणी समजावून सांगितलेलं नाही.

बाकीची सहा पोरं टांग्यात मागे बसून शाळेत जायची. मी पुढे मामांशेजारी बसून अटकेपार जायचे. वाटेत शाळा लागायची म्हणून उतरायचे, इतकंच.

घोड्याला नाव नव्हतं. मामा त्याला फक्त "चल" म्हणायचे, आणि थांबवायचं असलं की काहीच म्हणायचे नाहीत, तो आपला आपण थांबायचा. म्हणून मी त्याला दर आठवड्याला नवं नाव द्यायचे आणि वर्गात त्याच्या नावावर पराक्रम खपवायचे. आमच्या घोड्याने काल एक्सप्रेसला मागे टाकलं. आमच्या घोड्याने नाला एका उडीत ओलांडला. मोरिवलीच्या नाल्याला तेव्हा कारखान्यांच्या पाण्याने रोज वेगळा रंग यायचा, सोमवारी जांभळा तर मंगळवारी पिवळा, म्हणून मी म्हणायचे की उडी मारताना त्याचे खूर रंगले. पोरी मधल्या सुट्टीत खूर बघायला यायच्या. प्रत्यक्षात त्या घोड्याला सायकलवरचा दूधवाला मागे टाकायचा, तोही दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्यांसकट.

मामांनी मला चार गोष्टी शिकवल्या. खरारा केसांच्या दिशेने फिरवायचा. मागून यायचं तर आधी बोलायचं, म्हणजे तो दचकत नाही. डोळ्यांवरच्या ढापण्या उतरवल्या की दोन क्षण थांबायचं, त्याला जग परत मोठं होऊ द्यायचं. आणि तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधतात ती खाण्याची पिशवी, बांधताना कान मुडपायचे नाहीत. पाचवी गोष्ट त्यांनी शिकवली नाही. कदाचित शिकवायला गेले असतील आणि मी बोलत असेन.

मी पाचवीत असताना स्टेशनवर रिक्षा आल्या. पाचवीत टांग्यांच्या रांगेत एखादी रिक्षा दिसायची. सातवीत रिक्षांच्या रांगेत एक टांगा दिसायचा, आमचा. सातातली पाच पोरं रिक्षाने जायला लागली. रिक्षात ती एकमेकांच्या मांडीवर बसायची, पण लवकर पोचायची. लवकर पोचून शाळेत काय करणार होती, देव जाणे. टांग्यात उरलो मी आणि दुसरा एक मुलगा, ज्याला रिक्षात उलटी व्हायची.

मामा दिवसभर स्टेशनबाहेर उभे राहायचे, घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधून. सकाळी तोबरा, दुपारी तोबरा, संध्याकाळी मी बाबांसोबत बाजारात जायचे तेव्हाही तोबरा. मी शाळेत सांगायला लागले, आमचा घोडा दिवसभर खातो. पोतंभर चंदी लागते त्याला. राजेशाही खुराक.

"अगं, बरगड्या मोजता येतात त्याच्या," आई एकदा फाटकातून म्हणाली.

"वाघाला पट्टे असतात की नाही? तशा जातिवंत घोड्याला बरगड्या असतात," मी म्हणाले.

हे वाक्य मी तेव्हा फार दिमाखात टाकलं होतं. आता ते मला अधूनमधून भाजी चिरताना आठवतं आणि सुरी खाली ठेवावी लागते.

मग एके दिवशी मामा फाटकापाशी बाबांना म्हणताना मी ऐकलं, "साहेब, पावसाच्या आत बघतो. नायतर देऊन टाकतो ह्याला. घेणारा हाय."

"कोण घेतोय?"

"वीटभट्टीवाला."

बदलापूरला जाताना वाटेत वीटभट्ट्या लागायच्या, तिथली जनावरं मी पाहिली होती. पाठीची सालं निघालेली, गुडघ्यांवर माश्या. त्या रात्री मी जेवले नाही. म्हणजे दोनच पोळ्या खाल्ल्या. पण शपथ घेतली की घोडा भट्टीवर जाऊ देणार नाही. बारा वर्षांच्या पोरीजवळ घोडा वाचवायला असतं काय? माझ्याजवळ एकच हत्यार होतं, आणि ते मी पहिलीपासून धार लावून ठेवलं होतं.

दहा दिवसांत संधी आली. सिंधी काका मिठाईचा डबा आणि लग्नाची पत्रिका घेऊन घरी आले आणि सोफ्यावर बसल्या बसल्या कपाळाला हात लावला. मुलाची वरात चार दिवसांवर आली आणि घोडीवाल्याने हात वर केले होते. एकाच मुहूर्तावर तीन लग्नं घेतली होती त्याने, आणि घोडी एकच.

"बिना घोडी के बारात कैसे निकालूं, साहब? लडकीवाले क्या बोलेंगे? मेरे खानदान में आज तक कोई पैदल नहीं गया."

"अंकल, हमारी घोडी है ना!" मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले. "दूध जैसी सफेद!"

बाबा म्हणाले, "अगं, पण तो तर..." आणि तेवढ्यात मी चहाचा ट्रे त्यांच्या हातांत दिला. दोन्ही हातांत भरलेला ट्रे असला की माणूस सत्याच्या बाजूने फारसं काही करू शकत नाही. काका निघाले तेव्हा इतके खूश होते की स्वतःच आणलेल्या डब्यातली मिठाई त्यांनी मला भरवली.

मामांना पटवणं जास्त अवघड होतं.

"त्यांना घोडी पायजे, बाय. ह्यो घोडा हाय."

"झूल टाकली की कोण बघतंय, मामा?"

"बँड नाय ऐकला त्यानं कधी."

"कारखान्याचा भोंगा रोज ऐकतो ना? त्याला घाबरतो?"

"नाय."

"मग बँडचं काय घेऊन बसलात! आणि मामा, एकदा वरात नीट गेली ना, की पुढची शंभर लग्नं आपली. उल्हासनगरात काय कमी लग्नं होतात? तिथे रोज कुणी ना कुणी घोडीवर चढतं. भट्टीवाल्याला सांगा, जा म्हणावं विटा भाज."

मामा घोड्याच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "खायला घालतील का?"

"काय विचारता! पाच पक्वान्नं!"

"मला नाय, बाय. त्याला."

"त्याला तर तुमच्याआधी!" मी म्हणाले आणि हसले. मला तो विनोद वाटला होता.

घोड्याचा रंग मुळात पांढराच, पण दोन पावसाळे काढलेल्या चुन्याच्या भिंतीचा पांढरा. लग्नाच्या दिवशी दुपारी मी घरातून निळीच्या दोन पुड्या चोरल्या. बाबांचे सदरे नीळ घातली की कसे लखलखतात ते मी पाहत आले होते. सदऱ्यांना बादलीभर पाण्यात चिमूटभर नीळ लागते, तर घोड्याला दोन पुड्या लागतीलच, हा माझा हिशोब. मामा म्हणाले, "जास्त झाली वाटतं." मी म्हणाले, "वाळला की उतरेल." तो वाळला. उतरली नाही. अंबरनाथहून उल्हासनगरापर्यंत आम्ही पावसाळी ढगाच्या रंगाचा घोडा चालवत नेला, वर भाड्याने आणलेली जरीची झूल, कपाळावर आरशांची पट्टी. लोक थांबून बघत होते. मी समजले, कौतुकाने.

तर असे आम्ही त्या दारात पोचलो, आणि चाचाने झूल उचलली.

"चाचाजी," मी म्हणाले, "घोडी तो सबको मिलती है."

चाचाचं बोट झुलीवरच राहिलं.

"ये राजा के तबेले का घोडा है. इसका दादा संस्थान में था. राजा लोग घोडी पे थोडी ना बैठते थे? और..." इथे मी आवाज खाली आणला, म्हणजे तो बरोबर बायकांपर्यंत जाईल, "जो दूल्हा घोडे पे आता है ना, उसको पहला लडका होता है."

हे मी कुठून काढलं, मला माहीत नाही. माझ्या तोंडात ते कुणीतरी आधीच ठेवून दिलेलं असावं. मी आईबापांची एकुलती एक मुलगी, आणि आमच्या घरी येणारी प्रत्येक पाहुणी आईला एकच प्रश्न विचारून जायची. नवरदेवाची आई पुढे आली. तिने घोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दिराच्या हातावर चापट मारली आणि झूल खाली पडली.

"घोडा ही ठीक है," ती म्हणाली. "बाजा क्यों बंद है?"

बँड सुरू झाला. आईच्या चिमट्याची जागा अजून हुळहुळत होती, पण मी त्या गल्लीएवढी मोठी झाले होते.

वरात निघायच्या आधी त्यांच्यात एक रीत होती. नवरदेवाच्या बहिणी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ भरवतात. चांदीच्या थाळीत मूठभर डाळ, वर गुळाचा खडा. एकेक बहीण येते, ओंजळीत चिमूटभर घेते, घोडीच्या तोंडापुढे धरते आणि किंचाळून हात मागे घेते. इतकंच. शकुन झाला.

आमच्या घोड्याने थाळी तीन घासांत चाटून पुसून साफ केली. मग त्याने थाळीच दातांत धरली. बहिणी खिदळल्या. एक म्हणाली, "हाय, कितना खाता है!"

तिने तसं म्हणायला नको होतं. माझ्यासमोर कुणी "किती" म्हटलं की माझा स्वतःवर ताबा राहत नाही.

"ये तो कुछ भी नहीं!" मी म्हणाले. "पूरी परात खाता है ये. और जितना खाएगा, उतना आपका घर भरेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना नाश्त्याला दाल-पकवान होतं. त्यासाठी आचाऱ्याने मागच्या अंगणात माझ्या कमरेएवढ्या पातेल्यात चण्याची डाळ भिजत घातली होती. कुणीतरी आत पळालं. परात आली, शीग लावून भरलेली. आता फक्त बहिणी नव्हत्या. माम्या, मावश्या, शेजारणी, सगळ्यांना घर भरून हवं होतं. कोण किती भरवतं याची चढाओढ लागली. ओंजळीच्या ओंजळी पुढे होत होत्या आणि घोडा मान वर न करता खात होता. लगाम मामांच्या हातात होता. डोक्याला त्यांना कुणीतरी गुलाबी फेटा बांधला होता, त्यात ते स्वतःच नवऱ्यासारखे दिसत होते.

"बस, बाय," मामा एकदा हळूच म्हणाले.

"अजून खातो तो!" मी ओरडले. "और लाओ!"

मामांनी लगाम ढिला सोडला आणि दुसरीकडे बघायला लागले. मला वाटलं, अभिमानाने. दुसरी परात आली. पुढचं मी मोजलं नाही.

वरात अशी गेली, की मी वर्णन करायला घेतलं तर तुम्ही म्हणाल ही पुन्हा सुरू झाली. घोडा बँडपुढे राजासारखा चालला. नवरदेव एकदाही घसरला नाही. चाचा घोड्यापुढे नाचला. तीन घरच्या बायका मामांना पुढच्या महिन्याच्या तारखा विचारून गेल्या. मी मामांना म्हणाले, "बघा. मी काय म्हटलं होतं?" मामा त्या फेट्यात हसले. त्यांचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

सकाळी टांगा आला नाही.

रिक्षात उलटी होणाऱ्या मुलाला त्याचे बाबा स्कूटरवरून घेऊन गेले. मी दप्तर फाटकाला अडकवलं आणि मोरिवलीला पळत गेले.

घोडा शेडबाहेर आडवा होता. उठायचा, दोन पावलं टाकायचा, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायचा, जणू तिथे कुणी हाक मारतंय, आणि पुन्हा बसायचा. पोट ढोलासारखं. घामाने अंगावरची नीळ उतरत होती, पायांखालची माती निळी झाली होती. मामा त्याला चालवायचा प्रयत्न करत होते. गावातल्या एका म्हाताऱ्याने हिंग आणि तेल बांबूच्या नळीतून त्याच्या घशात ओतलं. गुरांचे डॉक्टर गावाला गेले होते. आले असते तरी काय करणार होते कोण जाणे. मी मागून गेले आणि शिकवल्याप्रमाणे आधी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. आयुष्यात मी एकच गोष्ट अशी बोलले आहे जी मला आठवत नाही.

"काय खाल्लंन ह्यानं?" म्हाताऱ्याने विचारलं.

मामा काही बोलले नाहीत. मी तिथेच उभी होते. मीही काही बोलले नाही. आदल्या दिवशी भर वरातीत ओरडणारी मी.

दुपारी कारखान्याचा भोंगा झाला. शिफ्ट सुटली, माणसं डबे हलवत बाहेर आली. तेवढ्या वेळात तो गेला. कामगारांनीच नंतर मदत केली. ढकलगाडीवर तो मावेना, म्हणून ट्रॅक्टर आणला. सकाळी जुंपायला घेताना चढवलेल्या ढापण्या अजून त्याच्या डोळ्यांवरच होत्या. मामांनी आधी त्या काढल्या आणि दोन क्षण थांबले. मग ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "चल."

शेडमध्ये खुंटीला तोबरा होता. मी तो उतरवून छातीशी धरला. सुट्टी लागल्यावर दप्तर लागतं ना, तसा हलका लागला तो. त्याचा अर्थ मी लावला नाही. मला सोयीचे नसलेले अर्थ मी तेव्हा लावत नसे.

शाळेत मी सांगितलं की घोडा सर्कशीत गेला. तो भारतभर फिरतो आणि आगीच्या कड्यांतून उड्या मारतो. कॉलेजात गेले तेव्हा सर्कस पोरकट वाटायला लागली, म्हणून तो एका संस्थानिकाने परत नेला. लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं की म्हातारपणाने गेला, माझ्या मांडीवर, सूर्यास्ताच्या वेळी. नवरा हळवा झाला. माझ्या मांडीवर तो मावला कसा, हे त्याने विचारलं नाही. इतका साधा माणूस.

मामा मोरिवलीहून कधी गेले ते कळलं नाही. पत्र्याची शेड कारखान्याच्या वाढीव भिंतीत गेली.

माझं घोड्यांचं वेड मात्र गेलं नाही. बदलापूरला मांजर्लीत आम्ही जागा घेतली, तिथे भिंतीवर घोडे, कॅलेंडरवर घोडे, बाथरूमच्या पडद्यावर घोडे. नदीचं पाणी एकदा घरात शिरलं, तेव्हा शेजारणीने देव उचलले आणि मी लाकडी घोडा उचलला. माथेरानला गेले की मी प्रत्येक घोड्याशी बोलते, मागून येताना आधी आवाज देते, माझ्या पोरांनाही तेच शिकवलं. घोडेवाले मला ओळखतात. दस्तुरी नाक्यापासून मी येतेय असं कळलं तर घोडे उठून उभे राहतात, असं मी सांगते. पण आजवर मी कुठल्याही घोड्याला हाताने काही भरवलेलं नाही. गाजर नाही, गूळ नाही. पोरांनी विचारलं, का गं? मी म्हणाले, घोडा चावतो. आयुष्यभर ज्या जातीवर माया केली, तिच्याबद्दल इतकं खोटं बोलले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी नवऱ्याच्या डोक्यात प्लॉट घ्यायचं आलं आणि आम्ही बदलापूरजवळ चामटोलीला गेलो. तो दलालाबरोबर टेप घेऊन फिरायला लागला. मी बांधावर उभी होते. खाली एक म्हातारा गवत कापत होता. पाठमोरा. विळा तीनदा चालवायचा, मग गवत झटकायचा, मग मान वर करून इकडेतिकडे बघायचा, जणू कुणी सवारी येतेय का.

"मामा?"

त्यांनी डोळे बारीक केले. "टांग्यातली बडबडी बाय ना तू?"

"ओळखलंत!"

"आवाजावरनं. तोंडावरनं कोन वळकील? केवढी जाडी झालीस."

"तुम्ही काय बारीक आहात?"

"मी पयल्यापासनं असाच." हसले. आता दात फारसे उरले नव्हते. मेव्हण्याच्या जागेत राहतात म्हणाले, गवत कापून तबेल्यांना देतात. "म्हशींचे तबेले. म्हस लय खाते. आन् तू? अजून फेकतेस का तशीच?"

"फेकते ना. आता पोरांना फेकते."

"फेक, फेक. त्याबिगार करमतं का."

ते पेंढ्या बांधायला बसले, मी त्यांच्याजवळ मातीत बसले. नवरा लांब टेप ताणत होता. पंधरा वर्षं मी जे कुणाला बोलले नव्हते ते तिथे, त्या उन्हात, माझ्या तोंडात आलं, आणि मला भीती वाटली की ते बाहेर पडताना मी त्याला झूल घालीन. म्हणून मी शब्द मोजून मोजून बोलले, नव्या सुनेसारखी.

"मामा, त्या लग्नात डाळ मी खायला लावली. जितकं खाईल तितकं घर भरेल, असा काही रिवाज नव्हता. मी बनवला तो."

"ठावं हाय," मामा म्हणाले.

"दोन पराती झाल्या असतील."

"तीन."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझा आकडा वाढवला होता.

मग मला राग आला. कुणाचा, ते आजही सांगता येत नाही. पण तो मामांवर काढणं सोपं होतं, कारण ते समोर होते. "लगाम तुमच्या हातात होता, मामा. मी पोर होते, मला काय कळत होतं? तुम्हाला तर सगळं कळत होतं. तुम्ही का नाही ओढलंत त्याला?"

मामांनी पेंढीची गाठ दातांच्या कोपऱ्यात धरून आवळली, पेंढी ढिगावर टाकली आणि दुसरी हातात घेतली.

"भुका व्हता त्यो."